दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कपड्यांना रेशन होतं. तसं रेशन आज स्वतःवर लावून काटकसरीने राहता येईल का? कुणी करून पाहिलंय का?

हो, मी पाहिलंय. एक अख्खं वर्ष, 1 जून ते 31 मे. मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते, नोकरी करते, घरात नवरा आणि आठ वर्षांची मुलगी. रेशन फक्त माझ्यापुरतं होतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "माझं आयुष्यभर रेशनच चाललंय, तुझ्या लक्षात आलं नाही एवढंच." त्याच्याकडे चार शर्ट आहेत, त्यामुळे वाद घालता आला नाही.

1 जून ही तारीख मुद्दाम निवडली. 1941 साली याच दिवशी, एका रविवारी, व्यापारमंत्री ऑलिव्हर लिटलटन यांनी रेडिओवरून कपड्यांचं रेशन जाहीर केलं. आधी कुणकुण लागली असती तर लोकांनी दुकानं धुऊन नेली असती, म्हणून सगळं गुप्त ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी, दुकानं बंद. इतकं गुप्त, की कपड्यांसाठी वेगळी कुपनं छापलीच नव्हती. लोकांच्या धान्याच्या रेशनपुस्तकात मार्गारीनची (कृत्रिम लोण्याची) काही कुपनं न वापरलेली होती, तीच कपड्यांना चालतील असं सांगितलं.

पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं. कुपन म्हणजे पैसे नव्हेत, हे आधी नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत त्यातच आहे. कपड्याची किंमत दुकानदाराला द्यायचीच, शिवाय कुपनंही द्यायची. आणि कुपनं ठरायची ती कपड्याला कापड आणि मेहनत किती लागते त्यावर. बायकांच्या अस्तराच्या लांब कोटाला 14, लोकरी ड्रेसला 11, सुती ड्रेसला 7, ब्लाउज किंवा स्वेटरला 5, बुटांना 5, पायमोज्यांच्या जोडीला 2. पुरुषांचा तीन कपड्यांचा सूट 26 कुपनं खायचा. टोप्यांना कुपन नव्हतं. पुढे कोटा कमी होत गेला. 1945च्या सप्टेंबरपासून आठ महिन्यांना 24, म्हणजे युद्ध जिंकल्यावर लोकांना आधीपेक्षा कमी कपडे मिळाले! रेशन उठलं ते 15 मार्च 1949ला.

मी 66चाच आकडा घेतला. फ्रिजवर कागद लावला, 66 चौकोन आखले, कपडा घेतला की तेवढे चौकोन काट मारायचे. त्याआधी गेल्या वर्षीच्या बँकेच्या नोंदी आणि ईमेल काढून मी किती कपडे घेतले ते मोजलं होतं. 31. त्या 31ची कुपनं मांडली तर दीडशेच्या वर गेली. आणि मी स्वतःला साधी बाई समजत होते.

पहिला घोळ जीन्सचा झाला. 1941च्या तक्त्यात जीन्स कुठून असणार? लोकरी पँटला 8 आणि कॉर्डरॉयसारख्या जाड सुती पँटला 5, असे दोन दर होते. जीन्स मी कॉर्डरॉयच्या रांगेत बसवली. हा निर्णय मी स्वतःच्या बाजूने दिला हे कबूल.

दुसरा घोळ आतल्या कपड्यांचा. तक्त्यात आतल्या कपड्याच्या एका नगाला 3 कुपनं आहेत. आपल्याला पाचाचं पाकीट उचलून टोपलीत टाकायची सवय. ते एक पाकीट म्हणजे 15 कुपनं, वर्षाच्या कोट्याचा जवळजवळ पाव हिस्सा! दुकानात पाकीट हातात घेऊन मी हा हिशोब केला आणि परत ठेवलं. वर्षभरात सहा नग घेतले, 18 कुपनं गेली. टाइट्सच्या चार जोड्यांना 8. सगळ्यात जास्त कुपनं कोटाला किंवा ड्रेसला जातील असं वाटलं होतं, गेली ती कुणाला न दिसणाऱ्या किंवा आठवड्यात भोक पडणाऱ्या वस्तूंना. त्या काळच्या बायका पायाला रंग लावून मागे भुवयांच्या पेन्सिलने मोज्याच्या शिवणीसारखी रेघ का ओढत, ते मला तेव्हा कळलं. मी काही तिथपर्यंत गेले नाही. टाइट्सना भोक पडायला लागलं की नेलपॉलिश लावून ते थांबवत गेले.

तिसरा घोळ सर्वांत मोठा. जुन्या, वापरलेल्या कपड्यांना तेव्हा कुपन लागत नसे. एका ठराविक किमतीच्या आत असले की झालं. इंग्लंडमध्ये आज प्रत्येक गावात जुने कपडे विकणारी धर्मादाय दुकानं आहेत, पाच-सहा पौंडांत स्वेटर मिळतो. पहिल्या दोन महिन्यांत मी तिथून नऊ कपडे आणले. कुपनं शून्य, मन प्रसन्न. ऑगस्टमध्ये कपाटाचं दार लागेना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 1941 साली जुना कपडा हीच दुर्मिळ चीज होती, लोक तो सोडतच नसत. आज त्याचा पूर आहे. पळवाट तीच, पण तेव्हा ती उंदराच्या बिळाएवढी होती आणि आता ट्रक जाईल एवढी. म्हणून नियम बदलला. जुना विकत घेतला तर अर्धी कुपनं, कुणी कपाटातून काढून फुकट दिला तर शून्य. हिवाळ्याचा कोट जुना घेतला, 14ऐवजी 7 दिली. तुम्ही करणार असाल तर हा नियम पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर रेशन नुसतं नावाला उरतं.

चौथी गोष्ट आहेराची. कुणी नवा कपडा भेट दिला तर कुपनं जाणार की नाही? तेव्हाच्या कायद्याने कुपनं दुसऱ्याला देता येत नव्हती, पण घराघरात ती एकत्र केली जात, लग्न असलं की जास्तच. 1947मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न ठरलं तेव्हा लोकांनी तिला पोस्टाने कुपनं पाठवली, आणि बेकायदा म्हणून ती परत करावी लागली! मी ठरवलं की आलेला नवा आहेर मोजायचा. हे ठरवताना पुढे काय होणार याची कल्पना नव्हती. त्यावर शेवटी येते.

आता तुमच्या प्रश्नातल्या 'काटकसरी'बद्दल. पैसे वाचले का? वाचले, पण वाटले होते त्यापेक्षा बरेच कमी. कारण दहा पौंडांच्या ब्लाउजला 5 कुपनं आणि साठ पौंडांच्या ब्लाउजलाही 5च. पैशांच्या बाजाराने स्वस्त ते उचलायची सवय लावलेली असते. कुपनं ती सवय मोडतात. एकदा कुपन गेलं की परत येणार नाही, मग टिकेल तेच घ्यावंसं वाटतं. बूट घेताना मी पहिल्यांदा तळवा वाकवून पाहिला, शिलाई आहे की नुसता चिकटवलाय ते पाहिलं. जीन्स घेताना लायक्रा नसलेली शोधायला तीन आठवडे लागले. लायक्राचं कापड गुडघ्यात एकदा ढिलं पडलं की ते ढिलंच राहतं, त्याला रफूही नीट बसत नाही.

अर्थात यात एक अन्याय दडलेला आहे, आणि तो तेव्हाही होता. साठ पौंड ज्याच्याकडे आहेत त्याचं कुपन दोन वर्षं टिकतं, ज्याच्याकडे दहा आहेत त्याचं तीन महिने. ब्रिटिश सरकारने यावर काढलेला तोडगा मला रेशनपेक्षाही हुशारीचा वाटतो. तो म्हणजे युटिलिटी कपडे. कापडाचा दर्जा ठरवून दिलेला, किमतीवर नियंत्रण, विक्रीकर माफ, आणि आत सीसी41 असा शिक्का. शिक्क्यातले दोन 'सी' कडा कापलेल्या चीजच्या चकत्यांसारखे दिसायचे, म्हणून लोक त्याला चीजच म्हणत. लंडनच्या नामांकित डिझायनरांकडून त्याचे नमुने करून घेतले होते. कापड वाचवण्यासाठी पुरुषांच्या पँटच्या खालच्या दुमडीवर बंदी आली. त्यावर पुरुष इतके भडकले, की मुद्दाम लांब पँट घेऊन घरी दुमडायला लागले. बायकांनी खिसे, प्लीट्स, बटणं सगळं मुकाट कमी केलं, आणि बोंब कशावर, तर दुमडीवर! आज स्वतःवर रेशन लावणाऱ्याच्या मदतीला असा शिक्का नसतो. लेबल वाचून काहीच कळत नाही. मी महाग म्हणून घेतलेल्या एका स्वेटरला महिन्याभरात गोळे आले, आणि दुकानाने 'ही लोकरीची नैसर्गिक प्रवृत्ती आहे' असं उत्तर पाठवलं. त्यात निम्मं ॲक्रिलिक होतं. तो परत केला, पैसे मिळाले. कुपनं मीच मला परत केली.

दुरुस्तीबद्दल सांगायला बसले तर संपणार नाही. 1943मध्ये व्यापार खात्याने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली होती. तिच्यातल्या युक्त्या वाचताना मला सारखी आजी आठवत होती. तिथल्या बायका चादर मधोमध विरली की उभी फाडत आणि कडेच्या धड बाजू मध्ये आणून शिवत. आपल्याकडे लुगडं विरलं की विरलेला भाग काढून टाकून उरलेले तुकडे जोडत, त्याला दांड घालणं म्हणत. दोन्हीकडे एकच अक्कल! आणि वर्षंही तीच. 1943मध्ये हिंदुस्थानातही कापडावर सरकारी नियंत्रण आलं. गिरगावातली माझी आजी म्हातारपणीसुद्धा जाडंभरडं कापड दिसलं की "हे कंट्रोलचं दिसतंय" म्हणायची. मला लहानपणी वाटायचं की कंट्रोल ही एखादी गिरणी आहे.

मी स्वतः काय शिकले? काज-बटण, तुरपाई, मोज्यांचं रफू. कर्कगेट मार्केटमध्ये दोरे, बटणं, चेन मिळतात, तिथे बऱ्याच फेऱ्या झाल्या. रफूला वेळ लागतो हे कुणी सांगत नाही. एका मोज्याला पाऊण तास. माझ्या पगाराच्या हिशोबाने तो मोजा जगातला सर्वांत महाग मोजा ठरेल. लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर, म्हणजे कापड खाणारी अळी, हा वेगळाच शत्रू. कपाट रिकामं करून फटीफटींत व्हॅक्युम फिरवला तेव्हा कुठे थांबली.

मुलीला यातून वगळलं, कारण मुलं वाढतात. तेव्हाही मुलांना जादा कुपनं होती, आणि स्वयंसेवी बायकांनी लहान झालेले कपडे बदलून देण्याची केंद्रं काढली होती. आमच्या शाळेत आता पालक गणवेशांची तशीच अदलाबदल करतात.

आणि एक गोष्ट मात्र आज कितीही जोर लावला तरी मिळत नाही. ती म्हणजे सगळ्यांचं एकत्र जुनं दिसणं. 1943मध्ये कोपर विरलेला कोट घालून गेलात तर समोरच्याचाही विरलेलाच असायचा. मी तोच निळा ड्रेस चौथ्यांदा ऑफिसच्या जेवणाला घातला तर एक बाई फार मायेने म्हणाली, "सगळं ठीक आहे ना घरी?"

आता लग्नाची गोष्ट. मार्चमध्ये माझ्याकडे 13 कुपनं उरली होती, आणि एप्रिलमध्ये नाशिकला चुलत भावाचं लग्न. आई फोनवर म्हणाली, "तुला पैठणी घेतेय, रंग सांग." मी वही काढली. सुती कापडाला तेव्हा 36 इंच पन्ह्याला, म्हणजे रुंदीला, वारी 2 कुपनं. (आपला वार म्हणजे त्यांचा यार्डच, त्यामुळे हिशोब सोपा.) साडी सहा वार, पन्हा 45 इंच धरला तर 15 कुपनं होतात.  म्हणजे 2 कमी. नऊवारी असती तर साडेबावीस! आईला हे समजावून सांगायला गेले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे दिराच्या मुलाच्या लग्नात माझी मुलगी जुनेर नेसून फिरणार?" मी म्हटलं, विकत घेतलेलं नसेल तर जुन्याला शून्य कुपनं. फोन ठेवला तिने.

दोन दिवसांनी फोटो आला. तिची स्वतःची लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची जांभळी साडी, पलंगावर पसरलेली, काठाला एका ठिकाणी जर उसवलेली. खाली लिहिलं होतं, "ही चालेल का तुझ्या सरकारला?"

ब्लाउज मात्र होणार नाही अशी माझी खात्री होती. आई तेव्हा काडीपैलवान, मी तशी नाही. नाशिकला पोचल्यावर तिने तो उलटा केला आणि आतली शिवण दाखवली. शिंप्याने दोन्ही बाजूंना इंच-इंच माया सोडली होती. आम्ही दोघींनी रात्री बसून टीप उसवली, दोन्हीकडून पाऊण इंच सोडला, नव्याने टीप मारली. जुन्या शिवणीच्या जागी गडद जांभळी रेघ राहिली, पदराखाली गेली ती.

तुम्ही पुण्या-मुंबईत करणार असाल तर 66 फार होतात, कारण त्यातला काही वाटा इंग्लंडमध्ये कोट आणि लोकरीला जातो. 40पासून सुरू करा. साडीला पन्ह्यासकट मोजा, वापरलेल्याला अर्धी कुपनं लावा, आणि पाचाच्या पाकिटापासून सांभाळा.