डोळ्यांच्या अंदाजाने नको, आकड्यांनी मांडा : वाचकांचे संगणक-प्रश्न

या वेळच्या पत्रांत स्लाइडवरच्या आकृत्यांचे प्रश्न जास्त आहेत, म्हणून हा भाग त्यांनाच दिला आहे. उत्तरे मुख्यतः पॉवरपॉइंटची आहेत. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये जिथे वेगळे वागावे लागते, तिथे तसे लिहिले आहे.

मी ठिबकचे साहित्य विकतो. शेतकऱ्याला केळीच्या बागेचा आराखडा स्लाइडवर दाखवायचा असतो. झाडांसाठी गोल काढून कॉपी करत जातो, पण ओळी वाकड्या येतात, अंतर कमी-जास्त होते. शेतकरी लगेच म्हणतो, भाऊ, असं कुठे लावतात का! माउस कितीही हळू फिरवला तरी जमत नाही. — एक वाचक, रावेर

भाऊ, माउस बाजूला ठेवा. अशा आराखड्यात माउसचे काम आकृती निवडण्यापुरतेच असते. जागा आणि अंतर आकड्यांनी द्यायचे.

आधी प्रमाण ठरवा. आपल्याकडे केळीची लागवड बऱ्याच ठिकाणी १.५ × १.५ मीटरवर असते. १ मीटर म्हणजे स्लाइडवर १ सेंटिमीटर धरले, तर दोन झाडांत १.५ सेंटिमीटर येतात. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ३३.८६७ × १९.०५ सेंटिमीटरची असते. तिच्यात एका ओळीत २० झाडे (१९ अंतरे, २८.५ सेंटिमीटर) आणि अशा ११ ओळी (१० अंतरे, १५ सेंटिमीटर) नीट बसतात.

आता 'इन्सर्ट'मधल्या 'शेप्स'मधून 'ओव्हल' घ्या आणि शिफ्ट दाबून गोल काढा. त्यावर राइट क्लिक करून 'साइझ अँड पोझिशन' उघडा. उंची आणि रुंदी दोन्ही ०.६ सेंटिमीटर द्या. 'पोझिशन'मध्ये आडवे २.५ आणि उभे २ लिहा. गोल निवडलेला ठेवून कंट्रोल आणि डी १९ वेळा दाबा. प्रती तिरप्या उतरत जातील. त्यांना हात लावू नका. फक्त शेवटच्या गोलाची आडवी जागा ३१ करा, कारण २.५ आणि २८.५ मिळून ३१ होतात. मग सगळे २० गोल माउसने चौकटीत घेऊन निवडा आणि 'शेप फॉरमॅट'च्या 'अलाइन'मधून आधी 'अलाइन टॉप', नंतर 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली' द्या. ओळ सरळ होते आणि प्रत्येक अंतर १.५ सेंटिमीटर येते.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. 'अलाइन'च्या त्याच यादीत खाली 'अलाइन टू स्लाइड' आणि 'अलाइन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स' असे दोन पर्याय असतात. खूण पहिल्यावर राहिली, तर गोल स्लाइडच्या वरच्या कडेला चिकटतात आणि स्लाइडच्या पूर्ण रुंदीवर पसरतात. खूण दुसऱ्यावर हवी. दुसरे असे की 'डिस्ट्रिब्यूट' आकृत्यांच्या कडांमधली मोकळी जागा सारखी करते, केंद्रांमधले अंतर नाही. एखादा गोल चुकून ०.८ झाला की त्याच्या आजूबाजूचे प्रमाण बिघडते. म्हणून वाटणी करण्याआधी सगळे गोल निवडून मापाच्या चौकटीत एकदाच ०.६ लिहा.

ओळ झाली की तिची लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी ठिबकची बारीक नळी, काढा. शिफ्ट दाबून सरळ रेघ ओढा आणि आकडे भरा: आडवी जागा १.७, उभी २.३, रुंदी २९.६, उंची ०. गोलाची उंची ०.६ आणि सुरुवात २ वर, म्हणून २.३ वर रेघ बरोबर गोलांच्या मधून जाते. ती 'सेंड टू बॅक'ने मागे पाठवा. गोल आणि रेघ एकत्र निवडून कंट्रोल आणि जी दाबा, म्हणजे गट होईल. या गटाच्या कंट्रोल-डीने १० प्रती काढा, शेवटच्या गटाची उभी जागा १७ करा, सगळे गट निवडून 'अलाइन लेफ्ट' आणि 'डिस्ट्रिब्यूट व्हर्टिकली' द्या. सबमेनची, म्हणजे लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपची, जाड उभी रेघ १.७ वर आली की सगळ्या लॅटरल तिला येऊन मिळतात. गोलात झाडाचा क्रमांक घालायचा असेल, तर 'टेक्स्ट बॉक्स'मधले चारही समास शून्य करा. डावे-उजवे समास मुळात ०.२५ सेंटिमीटर असतात. ०.६ च्या गोलात त्यानंतर आकड्याला जागाच उरत नाही.

इम्प्रेस वापरत असाल तर एवढेही करावे लागत नाही. गोल निवडून शिफ्ट आणि एफ ३ दाबा. उघडलेल्या खिडकीत प्रतींची संख्या १९, एक्स अक्षावर १.५, वाय अक्षावर ०, की ओळ तयार. अशा कामाला इम्प्रेस खरोखर सरस आहे. फक्त तिथली रुंद स्लाइड २८ × १५.७५ सेंटिमीटरची असते, त्यामुळे वरचे प्रमाण मावत नाही. १ मीटरला ०.८ सेंटिमीटर धरा. झाडांमधले अंतर १.२, ओळ २२.८ आणि ओळींची उंची १२ सेंटिमीटर होते.

चौथीच्या वर्गासाठी खान्देशचा नकाशा करते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार वेगळ्या रंगांत हवेत आणि क्लिक केल्यावर एकेक जिल्हा पुढे यायला हवा. तिन्ही वेगवेगळे गिरवले, पण मधल्या सीमा जुळत नाहीत. कुठे फट राहते, कुठे एकावर एक चढतात. — शिक्षिका, अमळनेर

ताई, सामाईक सीमा दोनदा गिरवली की ती जुळत नाहीच. दुसऱ्या वेळी प्रत्येक बिंदू किंचित वेगळा पडतो. सीमा एकदाच गिरवायची आणि तिने नकाशा कापायचा, हा यावरचा उपाय.

नकाशाचे चित्र आधी जागेवर घट्ट बसवा. 'व्ह्यू'मधून 'स्लाइड मास्टर' उघडून तुमच्या स्लाइडच्या मांडणीवर चित्र ठेवलेत, तर गिरवताना ते हलणार नाही. काम झाले की तिथूनच काढून टाका. झूम २०० टक्के करा. 'शेप्स'मधली 'फ्रीफॉर्म' घ्या आणि संपूर्ण खान्देशची बाहेरची सीमा क्लिक-क्लिक करत गिरवा. बटण दाबून ओढू नका. ओढले की हाताचा प्रत्येक थरथराट बिंदू होऊन बसतो आणि नंतर दुरुस्तीला जीव नकोसा होतो. शेवटचा क्लिक पहिल्या बिंदूवरच पडला पाहिजे, तरच आकृती बंद होते.

आता दुसरी फ्रीफॉर्म काढा. तिची जळगाव आणि धुळे यांच्यामधली बाजू काळजीपूर्वक गिरवा. तिची दोन्ही टोके नकाशाच्या थोडी बाहेर न्या आणि उरलेली बाजू पश्चिमेकडून धुळे-नंदुरबारला मोठा वळसा घालून बंद करा. हा वळसा कितीही वेडावाकडा चालेल. आधी खान्देश निवडा, शिफ्ट दाबून ही दुसरी आकृती निवडा आणि 'शेप फॉरमॅट'मध्ये 'मर्ज शेप्स', त्यात 'फ्रॅगमेंट'. तीन तुकडे होतील: जळगाव, धुळे-नंदुरबार आणि बाहेरचा फालतू भाग. तो पुसा. पश्चिमेच्या तुकड्यावर हीच क्रिया करून धुळे आणि नंदुरबार वेगळे करा. दोन्ही बाजूंचे बिंदू एकाच रेघेतून आलेले असल्यामुळे फट राहत नाही. नुसत्या उघड्या रेघेने मात्र कापायला जाऊ नका, बंद आकृतीच हवी.

याचा आणखी एक उपयोग तुम्हाला होईल. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. स्लाइडची प्रत काढून त्या दोन तुकड्यांवर 'मर्ज शेप्स'मधले 'युनियन' दिले की त्याआधीचा धुळे जिल्हा मुलांना दाखवता येतो. पुन्हा गिरवायला नको.

सीमेतला एखादा बिंदू चुकला असेल, तर तो कापण्याआधी दुरुस्त करा. आकृतीवर राइट क्लिक करून 'एडिट पॉइंट्स' घ्या. काळे चौकोन म्हणजे बिंदू. कंट्रोल दाबून रेघेवर क्लिक केले की नवा बिंदू येतो, बिंदूवर क्लिक केले की तो जातो. कापल्यानंतर एका जिल्ह्याचा बिंदू हलवलात, तर शेजारचा जागेवरच राहतो आणि पुन्हा फट पडते.

नद्यांसाठी 'कर्व्ह' घ्या. प्रत्येक वळणावर एक क्लिक, शेवटी डबल क्लिक. आधी तापी काढा, मग पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. उपनदीचे टोक तापीच्या रेघेच्या आत किंचित शिरू द्या आणि रेघेचा 'कॅप टाइप' 'राउंड' ठेवा, म्हणजे संगम तुटका दिसत नाही.

'मर्ज शेप्स' करड्या रंगात, बंद दिसत असेल, तर निवडीत एखादा गट आहे का बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि जी एकत्र दाबून तो सोडवा. केलेले रद्द करत ('अनडू') मागे जायला मुळात २० पायऱ्याच मिळतात, म्हणून प्रत्येक तुकडा पाडण्याआधी स्लाइडची एक प्रत बाजूला असू द्या.

बचतगटाचे बोधचिन्ह करताना मोठ्या गोलातून पान कापायचे होते. 'सबट्रॅक्ट' केल्यावर गोल गेला, पानाचा तुकडा राहिला. — यावल

निवडीचा क्रम उलटा झाला. पॉवरपॉइंटमध्ये जी आकृती आधी निवडाल ती राहते, नंतरची तिच्यातून वजा होते. रंगही पहिलीचाच येतो. म्हणून चौकटीने एकदम निवडू नका: आधी गोल, मग शिफ्ट दाबून पान. इम्प्रेसमध्ये निवडीचा क्रम चालत नाही. तिथे सगळ्यांत खालच्या थरातली आकृती राहते, त्यामुळे आधी गोल मागे पाठवा.

मिरची प्रक्रियेचा तक्ता केला आहे: खरेदी, पथारीवर वाळवण, देठ काढणे, दळण, पॅकिंग. चौकट हलवली की बाण मागेच राहतात. एका बाणाला मध्येच बारीक पायरी आली आहे, ती जात नाही. शिवाय सगळे एकत्र बांधले तर अॅनिमेशन गेले. — नंदुरबार

बाणाचे टोक चौकटीजवळ असणे आणि चौकटीला जोडलेले असणे यात फरक आहे. बाण निवडून टोके बघा. हिरवे टोक जोडलेले असते, पांढरे नुसते टेकलेले. पांढरे टोक चौकटीकडे ओढा, कडेवर ठिपके दिसले की त्यातल्या एकावर सोडा. इम्प्रेसमध्ये साधी 'लाइन' चिकटतच नाही, 'कनेक्टर'च घ्यावा लागतो.

पायरी दिसते याचे कारण दोन चौकटींचे मध्य एका पातळीत नाहीत. फरक मिलिमीटरभर असला, तरी काटकोनी बाण तो पायरी करून दाखवतो. बाणाशी झगडू नका, त्या ओळीतल्या चौकटी निवडून 'अलाइन मिडल' द्या. पायरी आपोआप जाईल.

अॅनिमेशनचे असे की गट बांधला की आतल्या प्रत्येक आकृतीचे अॅनिमेशन पुसले जाते आणि गट सोडवला तरी परत येत नाही. तेव्हा क्रम असा ठेवा: मांडणी, मग गट, आणि अॅनिमेशन सगळ्यांत शेवटी. गट लहान करतानाही सावध राहा. चौकटी लहान होतात, पण अक्षरांचा आकार आणि रेघांची जाडी तशीच राहते, म्हणून मजकूर बाहेर सांडतो. अक्षरे वेगळी लहान करावी लागतात.

एकावर एक आकृत्या आहेत, खालची निवडताच येत नाही. — चाळीसगाव

ऑल्ट आणि एफ १० दाबा. उजवीकडे सगळ्या आकृत्यांची यादी येते, वरच्या थरातली वर. नावावर क्लिक करून निवडा, डोळ्याच्या खुणेने वरची तात्पुरती झाका. नावे 'ओव्हल २३' अशी असतात. डबल क्लिक करून 'सबमेन', 'विहीर' अशी ठेवा, कारण वीस-पंचवीस आकृत्यांनंतर ही यादी नावांशिवाय वाचता येत नाही.

स्लाइडचा आकार 'ए ४' निवडला, तरी छापल्यावर मोजपट्टीने माप जुळत नाही. — भुसावळ

पॉवरपॉइंटच्या यादीतला 'ए ४' २७.५१७ × १९.०५ सेंटिमीटरचा आहे, कागद २९.७ × २१ चा. 'डिझाइन'मधून 'स्लाइड साइझ', 'कस्टम' घेऊन २९.७ आणि २१ हे आकडे स्वतः लिहा. छापताना 'स्केल टू फिट पेपर'वरची खूण काढा, नाहीतर छपाईत माप पुन्हा बदलते. प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, म्हणून चारही बाजूंना १ सेंटिमीटर मोकळा सोडा. हे सगळे आकृत्या काढण्याआधी करायचे. नंतर आकार बदलला, तर पॉवरपॉइंट 'मॅक्सिमाइझ' की 'एन्शुअर फिट' असे विचारू शकतो. 'एन्शुअर फिट' निवडले की आकृत्या लहान होतात आणि १ मीटरला १ सेंटिमीटर हे प्रमाण मोडते. रावेरच्या वाचकांना आराखडा मापात छापून द्यायचा असेल, तर या कागदावर एका ओळीत १८ झाडे घ्यावीत: १७ अंतरांचे २५.५ सेंटिमीटर होतात आणि दोन्हीकडचा समासही सांभाळला जातो.