गाडी उभी, कॅमेरा जागा: पार्किंग मोडबद्दल तुमचे प्रश्न

या खेपेला आलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. डॅश कॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर बसवून रस्ता टिपणारा कॅमेरा, हार्डवायर करून घेतला, म्हणजे सॉकेटऐवजी थेट फ्यूज बॉक्समधून वीज दिली. गाडी चालवताना सगळं चोख, पण गाडी उभी केली की पार्किंग मोडचं, म्हणजे बंद गाडीवर कॅमेऱ्याने पहारा ठेवण्याचं, तंत्र बिघडतं. आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी विचारलंय, 'कॅमेरा खराब निघाला का?' माझं उत्तर आधीच देतो: कॅमेऱ्याकडे सगळ्यात शेवटी वळायचं. आधी तारा, मग बॅटरी, मग सेटिंग. एक साधा मल्टिमीटर घ्या, तो डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि मगच पुढचं वाचा. न मोजता केलेल्या अंदाजांपायी चांगले कॅमेरे बदलले जातात आणि दुखणं मात्र गाडीतच राहतं.

प्रश्न: चावी बंद केली की कॅमेराही पूर्ण बंद होतो. सेटिंगमध्ये पार्किंग मोड चालू आहे. काय चुकतंय?

फ्यूज बॉक्समधून कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या हार्डवायर किटला तीन तारा असतात. एक कायम चालू असलेल्या लाइनवर जाते, दुसरी एसीसीवर, म्हणजे चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवर, आणि तिसरी अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला. बऱ्याच किटमध्ये हे रंग अनुक्रमे पिवळा, लाल आणि काळा असतात, पण रंगावर विसंबू नका. किटसोबतचा कागद काढून बघा. कॅमेऱ्याला वीज मिळते ती कायमच्या लाइनवरून. एसीसीची तार फक्त निरोप देते: गाडी चालू आहे की बंद.

तुमच्याकडे कायमची म्हणून जोडलेली तार खरं तर एसीसीवर बसलेली आहे. एक तर दोन तारांची अदलाबदल झाली असेल, नाहीतर दोन्ही तारा चावीसोबत बंद होणाऱ्या फ्यूजवर असतील. मीटरची काळी टोकणी बॉडीच्या उघड्या धातूला आणि लाल टोकणी फ्यूजच्या पाठीवरच्या बारीक धातूच्या ठिपक्याला लावा. चावी बंद असतानाही १२ च्या आसपास आकडा दिसला, तर ती कायमची लाइन.

पण इथेच थांबू नका. हल्लीच्या बऱ्याच गाड्या लॉक केल्यावर दहा-वीस मिनिटांनी, काही अर्ध्या तासाने, आपल्या बऱ्याचशा लाइन झोपवतात. तुम्ही दार उघडं ठेवून तपासता तेव्हा लाइन जिवंत दिसते आणि गाडी लॉक करून घरात गेलात की मरते. 'पार्किंग मोड वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो' असं ज्यांनी कळवलंय, त्यांच्या गाडीतही बहुधा हेच होतंय. हे पकडायचं असेल तर दार उघडं ठेवून दाराच्या कडेचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून 'बंद' स्थितीत आणा. गाडीला दार लागलंय असं वाटतं. काच खाली ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा, रिमोटने लॉक करा आणि मीटर लावून अर्धा तास वाट बघा. आकडा शून्यावर आला तर तो फ्यूज आपल्या कामाचा नाही. दार ओढून घेण्याआधी हँडल खेचून लॅच सोडवायला मात्र विसरू नका, नाहीतर ते आदळून वाकेल.

प्रश्न: माझं उलटं आहे. गाडी बंद केली तरी कॅमेरा रात्रभर नेहमीसारखंच रेकॉर्डिंग करतो, पार्किंग मोडमध्ये जातच नाही.

म्हणजे गाडी बंद झाल्याचा निरोप कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. एसीसीची तार कायम जिवंत असलेल्या फ्यूजवर असेल, तर कॅमेऱ्याच्या लेखी गाडी अखंड चालूच आहे. चावी बंद करून त्या फ्यूजवर मोजा, शून्य यायला हवं. काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही दार उघडेपर्यंत किंवा काही मिनिटं ही लाइन चालू ठेवलेली असते. तसं असेल तर पार्किंग मोड उशिरा लागेल, पण लागेल. त्यात बिघाड नाही.

फ्यूज बरोबर असेल तर किट कॅमेऱ्याच्याच कंपनीचं, त्याच मॉडेलसाठीचं आहे का ते बघा. बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. यूएसबीचा प्लग बसतो, कॅमेरा चालतो, म्हणून किट चालतंय असं वाटतं. पण एसीसीचा निरोप त्या प्लगमधल्या कुठल्या पिनवरून न्यायचा, हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. दुसऱ्याचं किट वीज पोहोचवेल, निरोप पोहोचवेलच असं नाही. फोनची साधी चार्जिंग केबल मध्ये जोडली तरी तोच प्रकार.

काही कॅमेऱ्यांत पार्किंग मोड एसीसीवरून लावायचा की गाडी काही मिनिटं हलली नाही यावरून, हे सेटिंगमध्ये निवडावं लागतं. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर ही निवड मूळ जागी जाऊ शकते, तेव्हा अपडेटनंतर एकदा सगळी सेटिंग नजरेखालून घाला.

प्रश्न: कट-ऑफ, म्हणजे बॅटरी जिथवर उतरली की किट कॅमेऱ्याची वीज तोडतं तो आकडा, १२.४ व्होल्टवर ठेवला आहे. बॅटरी फार जुनी नाही, ४५ अँपिअर-अवरची आहे. तरी दोन-तीन तासांत कॅमेरा बंद. बॅटरी इतक्या लवकर उतरते का?

नाही उतरत, आणि ते हिशोबानेच दाखवतो. पुढचा एकच कॅमेरा साधारण ४ वॉट खातो, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ०.३५ अँपिअर. तीन तासांत झालं जेमतेम १ अँपिअर-अवर. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि निवांत असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, पाऊण भरलेली असताना १२.४, निम्मी असताना १२.२ आणि १२.० ला पाव भागच उरलेला असतो. पूर्ण भरलेल्या ४५ च्या बॅटरीतून १२.४ पर्यंत यायला ११ अँपिअर-अवर जायला हवेत. तुमचा कॅमेरा एक खाऊनच झोपतोय. तेव्हा दोनच शक्यता उरतात: बॅटरी मुळात भरलेलीच नाही, किंवा किटला दिसणारा आकडा बॅटरीच्या खऱ्या आकड्यापेक्षा कमी आहे.

दुसरी शक्यता आधी तपासा, कारण ती फुकटात दुरुस्त होते. कॅमेरा पार्किंग मोडमध्ये चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज घ्या. मग किट जिथे जोडलंय तिथे घ्या, लाल टोकणी फ्यूज टॅपवर, म्हणजे फ्यूजच्या जागी बसवून किटची तार जोडलेल्या तुकड्यावर, आणि काळी अर्थच्या नटवर. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मध्ये कुठेतरी जोड ढिला किंवा गंजलेला आहे. आता एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी थेट किटच्या अर्थच्या टोकाला लावा. इतक्या कमी करंटला तिथे जवळपास शून्यच यायला हवं.

दोष बहुतेक वेळा अर्थमध्ये सापडतो. डॅशबोर्डखालचा हाताला लागेल तो नट सोडवून त्याखाली अर्थचा चिमटा सरकवलेला असतो. तो नट खोला आणि टॉर्चच्या उजेडात बघा: चिमट्याखाली गाडीचा रंग शाबूत असेल, किंवा नट मुळात प्लॅस्टिकच्या ब्रॅकेटचाच असेल. रंगातून वीज जात नाही. जी काही जाते ती नटाच्या आट्यांमधून, आणि गाडीच्या थरथरीने तोही संपर्क सुटत-जुळत राहतो. कॅमेरा अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होत असेल तर त्याचंही हे एक नेहमीचं कारण. बॉडीला थेट वेल्ड केलेला बोल्ट शोधा, चिमट्यापुरती जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा आणि नट घट्ट आवळा.

आकडे सारखेच आले तर बॅटरी भरत नाहीये. रोजचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा असेल तर सेल्फने आणि रात्रभरच्या कॅमेऱ्याने काढलेलं तेवढ्या वेळात परत भरत नाही. इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर शेवटच्या टप्प्यात बॅटरी फार सावकाश भरतो. शिवाय काही नव्या गाड्या ब्रेक लावताना मिळणारी वीज साठवायला जागा राहावी म्हणून बॅटरी मुद्दामच पूर्ण भरत नाहीत. अशा गाडीत १२.४ चा कट-ऑफ लगेच लागणारच. तो १२.२ वर आणा.

बॅटरीचा खरा आकडा बघायचा तर गाडी तीन-चार तास उभी राहू द्या. नुकत्याच बंद केलेल्या गाडीत १२.८ किंवा १२.९ दिसतात, तो वरवरचा फुगवटा असतो. आकडा चांगला आहे पण सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जातं, तर बॅटरी आतून थकली आहे. दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

प्रश्न: जास्त वेळ रेकॉर्डिंग मिळावं म्हणून कट-ऑफ ११.६ केला. आता सकाळी सेल्फ लागत नाही.

आजच्या आज तो बदला. निवांत बॅटरीवर ११.६ म्हणजे ती रिकामीच. किट मोजतं ते कॅमेऱ्याचा भार असताना, हे धरलं तरी तुम्ही गाडी सुरू व्हायला लागणारी सगळी शिल्लक कॅमेऱ्याला देऊन टाकताय. लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार इतकी खाली गेली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते. पार्किंग मोडने ओरखड्याचा पुरावा मिळेल, पण रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन निघायचं आणि गाडी सुरूच झाली नाही, तर त्या पुराव्याचं काय करायचं? गाडी सुरू होणं पहिलं.

१२.२ ठेवा, थंडीत १२.४, कारण थंड बॅटरी कमी देते आणि थंड इंजिन जास्त मागतं. जोडीला टायमर लावा, रात्रीपुरता ८ किंवा १० तासांचा. आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्या, नाहीतर नवा कट-ऑफही लगेच लागेल. आणि किटचा अर्थ बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर थेट जोडू नका. ज्या गाड्यांत त्या टोकावर सेन्सर बसवलेला असतो, त्यांना मग कॅमेऱ्याने खाल्लेली वीज मोजताच येत नाही.

प्रश्न: उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं. क्लिप मिळाली, पण ती सुरू होते तीच धडकेनंतर. धडक दिसतच नाही.

फार वाईट वाटतं असं वाचून, कारण कॅमेरा लावला होता तो याच एका क्षणासाठी. तुमचा कॅमेरा कमी विजेच्या मोडवर असणार. त्यात कॅमेरा जवळजवळ बंद असतो, फक्त धक्का ओळखणारा जी-सेन्सर जागा असतो. धक्का बसला की कॅमेरा सुरू व्हायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात समोरचा निघून जातो. यात वीज अगदी थोडी लागते, म्हणून जिथे गाडी अनेक दिवस उभी राहते तिथे तो ठीक.

तुम्हाला हवाय तो बफर असलेला मोड. त्यात कॅमेरा सतत बघत असतो, शेवटची काही सेकंदं स्मृतीत धरून ठेवतो आणि धक्का बसला की आधीचं आणि नंतरचं मिळून कार्डावर लिहितो. तुमच्या मॉडेलमध्ये तो नसेल तर टाइम-लॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपणं, किंवा कमी बिटरेटचं, म्हणजे कमी जागा घेणारं, सतत रेकॉर्डिंग लावा. टाइम-लॅप्समध्ये वीज वाचते असा समज आहे. वाचते ती कार्डावरची जागा. लेन्समागचा सेन्सर आणि प्रोसेसर चालूच असतात, त्यामुळे बॅटरीचा खर्च जवळपास तेवढाच.

प्रश्न: एका रात्रीत दीडशे 'इव्हेंट' क्लिप. आता कार्ड भरल्याचा संदेश येतो.

जी-सेन्सर पार्किंगसाठी सगळ्यात कमी संवेदनशीलतेवर आणा आणि गाडीच्या छतावर तळहाताने थाप मारून बघा. हलक्या थापेला क्लिप बनू नये, बंपरला गुडघ्याने जोरात रेटलं की बनावी. समोर झाड किंवा वाहता रस्ता असेल तर हालचाल ओळखणारं सेटिंग बंदच ठेवा. पानं हलली, हेडलाइट फिरले की ते जागं होतं. इव्हेंट क्लिप लॉक झालेल्या असतात, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यांच्यावर नवं लिहिलं जात नाही, म्हणून कार्ड भरतं. हव्या त्या क्लिप काढून घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, महिन्यातून एकदा तरी. कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचंच घ्या. साधं कार्ड रात्रंदिवसाचं लिहिणं फार काळ सोसत नाही.

प्रश्न: भर दुपारी उन्हात कॅमेरा बंद पडतो, संध्याकाळी आपोआप ठीक.

कॅमेरा स्वतःला वाचवतोय. बहुतेकांची मर्यादा ६० ते ७० अंश सेल्सिअस असते आणि बंद गाडीत काचेलगत ती सहज गाठली जाते. सावली बघा. नसेल तर दुपारपुरता कमी विजेचा मोड लावा, त्यात कॅमेरा स्वतः कमी तापतो. आत लिथियम बॅटरी असलेलं मॉडेल असेल आणि ते फुगलेलं दिसलं, तर ते ताबडतोब काढा. नवं घेताना बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा वेगळा भाग, असलेलं घ्या.

प्रश्न: गाडी आठवडाभर विमानतळावर उभी राहणार आहे. तोवर पार्किंग मोड चालेल का?

वरच्या हिशोबाने एक कॅमेरा दिवसाला ८ अँपिअर-अवर खातो, पुढचा-मागचा मिळून १२ च्या आसपास. दुसऱ्याच दिवशी कट-ऑफ लागेल आणि तो लागायलाच हवा. सतत रेकॉर्डिंग जास्त काळ हवं असेल तर कॅमेऱ्यासाठी वेगळा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक मिळतो. तो गाडी चालताना भरतो आणि गाडीच्या बॅटरीला हात लावत नाही. पण दोन कॅमेऱ्यांसह तोही आठवडा काढणार नाही. या प्रवासापुरता कमी विजेचा मोड लावा, कट-ऑफ १२.४ वर न्या आणि निघण्यापूर्वी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या.