गावातल्या नालीत पनीरचं पाणी सोडलं तर चालतं का? नालीत काय सोडू नये याचे काही नियम आहेत का?

तुम्ही लिहिलंय की गावात पनीरचं छोटं युनिट टाकताय, रोज साधारण १०० लिटर दूध लागेल, आणि उरलेलं पाणी ग्रामपंचायतीच्या नालीत सोडायचा विचार आहे.

नका सोडू, भाऊ. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात पनीर आणि खवा करतो. पहिल्या उन्हाळ्यात मी हीच चूक केली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी नियम. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ बघा. नाला, विहीर, गटार किंवा जमीन, कुठेही प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून सोडायला त्यात बंदी आहे. कारखान्याच्या सांडपाण्यात सर्वसाधारणपणे काय किती चालतं, ते १९८६च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत दिलंय. सार्वजनिक गटारासाठी बीओडी लिटरला ३५० मिलिग्रॅमपर्यंत, तेल-ग्रीस २०, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली त्याचं माप) ५.५ ते ९. नदी-नाल्यासाठी मात्र बीओडी फक्त ३० आणि तेल-ग्रीस १०. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप.

३५० चा आकडा वाचून लोकांना वाटतं, आपलं भागेल. पण त्याच अनुसूचीत एक अट आहे आणि आपल्या खेड्यांसाठी तीच महत्त्वाची. गटाराची ही सवलत ते गटार जैविक प्रक्रिया करणाऱ्या केंद्राला जाऊन मिळत असेल तरच लागू होते. नसेल तर गटारात सोडलेलं पाणी थेट नदी-नाल्यात सोडलं असंच धरतात. आता आपली नाली कुठे जाते? माझ्या गावची शाळेमागून उतरून नाल्यात पडते. मध्ये कसलंही केंद्र नाही. म्हणजे ३५० ची सवलत आपल्याला नाही, नदी-नाल्याचा ३० चाच आकडा धरून चाला.

आणि पनीरच्या पाण्याचा बीओडी ३०,००० च्या वर असतो. हजार पट! १०० लिटर दुधामागे ८० लिटर पाणी धरा. ते त्या मर्यादेत बसवायचं म्हटलं तर ८० हजार लिटर स्वच्छ पाणी मिसळावं लागेल, म्हणजे दहा हजारी आठ टँकर, रोज. दिसायला ते पाणी ताकाच्या निवळीसारखं हिरवट-पिवळं, निरुपद्रवी. म्हणूनच मी फसलो.

आठवड्याभरात नालीच्या वळणावर, जिथे उतार कमी आहे, तिथे तळाशी राखाडी बुळबुळीत धागे लोंबायला लागले, भिजलेल्या कापसासारखे. वास असा की समोरच्या काकू एक दिवस घरी आल्या आणि म्हणाल्या, "लेकरू भरल्या ताटावरून उठते जी भाऊ, या वासानं." त्या रागावल्या नव्हत्या, त्याचंच जास्त लागलं. मी नालीच्या काठाकाठाने नाल्यापर्यंत चालत गेलो. डोहात बारक्या मासोळ्या उलट्या पडल्या होत्या. त्याच डोहावर गावची ढोरं पाणी पितात.

तेव्हापासून एक थेंबही नालीत जाऊ देत नाही. थोडं पाणी ठेवून आंबवतो आणि दुसऱ्या दिवशी दूध फाडायला वापरतो, सायट्रिक अ‍ॅसिड वाचतं. बाकीचं ताजं असतानाच म्हशींच्या ढेपेत कालवतो. सुरुवात थोड्याने करा, एकदम जास्त दिलं तर पोट बिघडतं. डबे धुतलेलं पाणी आधी ग्रीस ट्रॅपमधून काढा. साय आणि तूप तिथेच वर तरंगून अडतं. कॉस्टिक सोड्याचं पाणी तसंच सोडू नका, त्याचा पीएच ९ च्या कितीतरी वर जातो.

शोषखड्ड्याचा सल्ला कोणी देईल. घरच्या मोरीच्या पाण्याला तो ठीक, पण पनीरच्या पाण्याला नाही. आपली काळी माती ओली झाली की फुगते, पाणी जिरत नाही, आणि साईने खड्डा चोंदतो. सेप्टिक टँकमध्ये तर मुळीच ओतू नका. आत कुजून विषारी वायू धरतो आणि उद्या टाकी उपसायला येणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी खेड्यापाड्यांत कोणी ना कोणी उतरतोच.

पनीर सोडून बाकीचंही विचारलंय म्हणून सांगतो. गाडीचं जुनं ऑइल नालीत नको, कायद्यात तो घातक कचरा आहे. कपाशीवर फवारणी झाल्यावर पंप धुतलेलं पाणीही नको. कीटकनाशक नियमांप्रमाणे त्या धुवणाची विल्हेवाट पाणी दूषित होणार नाही अशीच लावायची असते, म्हणून ते वावरातच पुन्हा फवारून टाका. सॅनिटरी पॅड, इंजेक्शनच्या सुया, फुटक्या बाटल्या यातलं काहीही नको. आमच्याकडे नाली उपसणारा माणूस फावडं अडकलं की हात घालतो.

शेवटी संमतीपत्राचं, म्हणजे युनिट चालवायच्या परवानगीचं. ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यावं लागतं. विदर्भात नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला त्यांची प्रादेशिक कार्यालयं आहेत. तुमच्या क्षमतेच्या युनिटला प्रदूषणाची कोणती वर्गवारी लागते, ते शेड बांधायच्या आधीच विचारून घ्या. रोज किती लिटर सांडपाणी आणि ते कुठे जाणार, हे तिथे सांगावं लागतं. तिथे 'ग्रामपंचायत नाली' लिहायची वेळ येऊ देऊ नका. दोन म्हशी जास्त बांधायची सोय नसेल, तर जवळच्या एखाद्या गोठेवाल्याशी पाणी रोज नेण्याचं आधीच बोलून ठेवा.