मुंबईतल्या आमच्या ट्रस्टच्या इमारतीतला हॉल क्लासला 5 वर्षांसाठी द्यायचा आहे. क्लासवाले ओळखीचे आहेत. धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते का? आणि इमारतीची देखभाल कोणाकडे असावी?

परवानगीचं आधी सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 चं कलम 36 बघा. ट्रस्टची इमारत 3 वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. विश्वस्तांचा ठराव, ट्रस्ट डीड आणि मूल्यांकन अहवाल घेऊन वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करा. व्यवहार ट्रस्टच्या हिताचा आहे का, हे तिथे तपासतात. मागाहून मंजुरी मिळण्याची तरतूद आता आहे, पण ती अपवाद म्हणून. तिच्या भरवशावर सह्या करू नका.

तुमच्या प्रश्नातला 'क्लासवाले ओळखीचे आहेत' हा तपशील वाचला आणि उत्तर लिहायला बसले. मी गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाची व्यवस्थापक होते. धर्मादाय ट्रस्ट, तळमजल्यावर अभ्यासिका, मागच्या खोलीत वर्तमानपत्रांचे बांधीव खंड. एका विश्वस्तांच्या मित्राच्या छापखान्याच्या ऑफिसची दुरुस्ती चालली होती. तेवढ्यापुरती त्यांना ती खोली वापरायला द्यावी असं सभेत ठरलं. मी विचारलं, मुदत किती, करार कोण करणार? उत्तर मिळालं, "बाई, आपलाच माणूस आहे. तुम्ही चाव्या सांभाळा." इतिवृत्तात एकच ओळ लिहिली गेली, 'खोली वापरण्यास देण्याचे ठरले'. मुदत नाही, मोबदला नाही. महिन्याचा चेक यायचा, त्याची पावती 'देणगी' म्हणून फाडायला सांगितलं गेलं. मी प्रत्येक पावतीवर 'खोलीच्या वापरापोटी' असं लिहीत राहिले, त्यावरून बोलणीही खाल्ली.

मग एका सकाळी जिन्याखालच्या पेटीत बेस्टचा नवा वीजमीटर दिसला. वर खडूने त्या गृहस्थांचं नाव लिहिलेलं. चौकशी केली तेव्हा कळलं की संस्थेच्या लेटरहेडवर ना हरकत पत्र गेलं होतं, सही त्याच विश्वस्तांची. त्याच पत्त्यावर गुमास्ता, म्हणजे दुकान-ऑफिस चालवायचा परवानाही निघाला होता. मुंबईत राहणाऱ्या कोणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वीजबिल, गुमास्ता आणि ताबा एका माणसाकडे गेले की त्याला बाहेर काढायला लघुवाद न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. 1 फेब्रुवारी 1973 ला चालू लिव्ह अँड लायसन्स करारावर जागेत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू म्हणून संरक्षण मिळालं. त्यात या शहरातल्या किती मालकांच्या जागा अडकल्या, हे त्या सभेत बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही कागद करायचा म्हटलं की मित्राचा अपमान वाटत होता.

पुढे महापालिकेची नोटीस आली. इमारत 30 वर्षांहून जुनी असली की मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. इंजिनिअरला मागच्या खोलीतल्या तुळया बघायच्या होत्या आणि ती खोलीच उघडेना. आधी मला किती जागा लिहून देता ते सांगा, मग कुलूप काढतो, असं ते गृहस्थ म्हणाले. पावसाळा आला, छत गळायला लागलं. आत राहिलेले जुने खंड मी खिडकीच्या गजांतून हात घालून काढले, जेवढे हाताला लागले तेवढे. उरलेल्यांचा लगदा झाला. शेवटी तडजोड झाली. ती दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली मुदत ठेव मोडून त्यांच्या हातावर ठेवणं, याला तडजोड म्हणायचं असेल तर. ज्या पैशांतून गच्चीचं वॉटरप्रूफिंग व्हायचं होतं ते असे गेले, आणि त्या वार्षिक सभेत सत्कार कोणाचा झाला, तर प्रकरण मिटवलं म्हणून त्याच विश्वस्तांचा. मला ते आजही मान्य नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे. देखभाल समितीकडे देऊ नका. समिती महिन्यातून एकदा भेटते, चहा पिते आणि 'पुढील सभेत विचार करावा' असं लिहिते. इमारत एका माणसाकडे द्या, त्याला पगार द्या, ठरावीक रकमेपर्यंत न विचारता खर्च करायचा अधिकार द्या. कठड्याच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप मे महिन्यात मुळासकट निघालं पाहिजे. ते सभेच्या मंजुरीसाठी थांबत नाही. पन्हळी, गच्ची, मीटरची पेटी, पाण्याची टाकी, जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला म्हणजे फॉर्म बी, हे सगळं त्याच्या वहीत असू द्या. आणि जागेविषयी ठराव होईल त्या सभेत त्याला बसवा, त्याचं म्हणणं इतिवृत्तात लिहा. रोज कुलूप उघडणाऱ्याला जे दिसतं ते देणगीदारांची यादी वाचणाऱ्याला दिसत नाही. पंख्यावर नाव घालायला दहा देणगीदार येतात. गच्चीच्या डांबराला एकही येत नाही, तेव्हा क्लासच्या भाड्यातला ठरलेला हिस्सा दुरुस्ती निधीत टाकायचा ठराव आजच करून घ्या.

क्लासला जागा देऊच नका असं मी म्हणत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी जागा देणाऱ्याची, म्हणजे तुमची आहे. मीटर ट्रस्टच्या नावावरच ठेवा. ना हरकत पत्र एकट्या विश्वस्ताच्या सहीने जाणार नाही असा ठराव करा. क्लासवाले ज्यांच्या ओळखीचे आहेत त्यांनी या विषयावर मत देऊ नये. धंद्याला दिलेल्या भागावर मालमत्ता कराची सवलत राहते का, हे वॉर्ड ऑफिसात आधी विचारा.

मी वकील नाही. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे, त्याला कलम 36 लागत नाही, असं सांगणारेही भेटतील. 5 वर्षांच्या करारात हा धोका पत्करण्याआधी धर्मादायची कामं करणाऱ्या वकिलाचं लेखी मत घ्या. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा विषय वेगळा निघतो. आणि ट्रस्ट स्वतःच पागडीवर, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाड्याच्या जागेत असेल, तर हॉल दुसऱ्याला द्यायचा अधिकार तुम्हाला आहे का, हे सगळ्यात आधी बघा.