एलिट डेंजरसमध्ये ग्रहावर तासन्‌तास उडूनही ज्वालामुखी का सापडत नाही?

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईतल्या घणसोलीहून रोज रात्री हा अंतराळयान उडवण्याचा गेम खेळता, नकाशात ‘व्होल्कॅनिझम’ (ज्वालामुखीची हालचाल) लिहिलेला ग्रह गाठता आणि डोंगरांवरून घिरट्या घालूनही धूर दिसत नाही. कारण सरळ आहे: तुम्ही शंकूच्या आकाराचा डोंगर शोधताय. या गेममध्ये जिवंत ज्वालामुखी म्हणजे जमिनीतली छोटी तोंडं असतात: वाफेची, वायूची, गरम पाण्याची किंवा लाव्ह्याची. उंचावरून ती दिसतच नाहीत. तुमच्या मागे उभा असलेला पारसिकचा डोंगरही लाव्ह्याचाच आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि दख्खनचा तो लाव्हाही मुख्यतः लांबलचक भेगांमधून आला, टोकदार शिखरातून नाही.

डोळ्यांनी शोधण्याचा सल्ला देणारे व्हिडिओ बहुतेक डिसेंबर 2018 च्या आधीचे आहेत. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. त्या महिन्यातल्या अपडेटनंतर शोधण्याचं काम जहाजातल्या स्कॅनरवर गेलं.

नव्या सिस्टीममध्ये (ताऱ्याभोवतीच्या ग्रहमालेत) शिरल्यावर अ‍ॅनालिसिस मोड (शोधकामाचा मोड) लावा आणि डिस्कव्हरी स्कॅनर पूर्ण भरेपर्यंत बटण दाबून धरा. मग सुपरक्रूझमध्येच (ग्रहांमधल्या वेगवान प्रवासात) थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, शून्यावर आणून फुल स्पेक्ट्रम स्कॅनर उघडा. जहाजाचा वेग उतरलेला नसेल तर तो उघडतच नाही. सिग्नलवर ट्यून करून ग्रहावर झूम केलं की माहिती येते, पण लगेच बाहेर पडू नका. जिऑलॉजिकल सिग्नलची संख्या काही क्षण उशिरा उमटते, आणि घाईत तीच हुकते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सिस्टीम मॅपमधली व्होल्कॅनिझमची ओळ प्रकार सांगते, म्हणजे सिलिकेट मॅग्मा, वॉटर गीझर वगैरे, आणि पुढे मायनर किंवा मेजर असा जोर. जिऑलॉजिकलचा आकडा मात्र जाऊन पाहता येणारी ठिकाणं किती ते सांगतो. ज्या ग्रहावर उतरता येत नाही तिथे पहिली ओळ कितीही जोरदार असली तरी उपयोग शून्य. मी तर ओळीपेक्षा आकड्यावरच भरवसा ठेवतो.

आकडा दिसला की डिटेल्ड सर्फेस स्कॅनर लागतो. तो जहाजासोबत आपोआप येत नाही. 1 नंबरच्या स्लॉटमध्ये (यंत्र बसवायच्या जागेत) बसतो, मूळ किंमत 2,50,000 क्रेडिट (गेममधलं चलन). ग्रहाजवळ जाऊन प्रोब (पृष्ठभाग तपासणारी छोटी यंत्रं) सोडा. समोरची बाजू सोपी आहे. मागच्या बाजूसाठी ग्रहाच्या कडेबाहेर नेम धरा, म्हणजे गुरुत्वाने प्रोब वळून मागे पडतो. प्रोब संपत नाहीत, फक्त भरायला वेळ लागतो. कार्यक्षमतेचं लक्ष्य चुकलं तर बोनस जाईल, ठिकाणं मात्र तेवढीच मिळतील, त्यामुळे त्यावर डोकं खपवू नका.

प्रोबनी ग्रहाचं मॅपिंग पूर्ण झालं की डावीकडच्या नॅव्हिगेशन पॅनलमध्ये त्या ग्रहाखाली जिऑलॉजिकल ठिकाणांची क्रमवार यादी येते. बरेच जण हे न बघता थेट खाली झेप घेतात. यादीतलं एक निवडून लॉक करा. खुणेचं वर्तुळ तुटक दिसत असेल तर ठिकाण ग्रहाच्या पलीकडे आहे. आधी कक्षेतून वळसा घाला. शक्यतो उजेडातलं ठिकाण घ्या. अंधारात उतरायचंच असेल तर नाइट व्हिजन लावा.

उतरण्याआधी गुरुत्वाकर्षण बघाच. 1 जीच्या (पृथ्वीइतक्या गुरुत्वाच्या) वर जड जहाज खाली खेचलं जातं आणि शील्डसकट आपटतं. ग्लाइडमध्ये, म्हणजे कक्षेतून वेगाने खाली उतरताना, जहाजाचं नाक 60 अंशांपेक्षा जास्त खाली गेलं की ग्लाइड तुटतो आणि उरलेलं अंतर रडतखडत कापावं लागतं. 40 च्या आसपास ठेवलं तर निवांत पोहोचता.

खूण एका बिंदूची असते, तोंडं मात्र भोवती विखुरलेली. तेव्हा खुणेवर पोहोचून काही दिसलं नाही तर वर उडून न जाता खालूनच हळू गोल फिरा. तोंड दिसलं की ते टार्गेट करा आणि कंपोझिशन स्कॅनरने स्कॅन करा. हा स्कॅनर जहाजात आधीपासूनच असतो, पण फायर ग्रुपमध्ये (ट्रिगरला जोडलेल्या साधनांच्या यादीत) नेमावा लागतो. तो नेमलेला नसल्यामुळे ‘स्कॅन होतच नाही’ अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. स्कॅन झालं की कोडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या नोंदवहीत, नोंद पडते.

कच्चा माल हवा असेल तर एसआरव्ही (जमिनीवर चालवायची गाडी) उतरवा. त्यासाठी किमान 2 नंबरच्या स्लॉटमधलं प्लॅनेटरी व्हेइकल हँगर लागतं. आजूबाजूचे सुईसारखे स्फटिक आणि खडे गोळीने फोडा, कार्गो स्कूप उघडा, तुकडे गोळा करा. कोणतं मूलद्रव्य मिळेल ते ग्रहाच्या घटकांवर ठरतं, म्हणून ती टक्केवारी नकाशात आधीच बघून ग्रह निवडा. साठ्यालाही मर्यादा आहे: पहिल्या श्रेणीच्या प्रत्येक मूलद्रव्याचे 300 नग, चौथ्या श्रेणीच्या 150.

आणि हो, सोलो (एकट्याने खेळण्याच्या) मोडमध्येही गेम सर्व्हरशी जोडलेलाच असतो. तुमच्याकडे रात्री नेट जात असेल तर ग्लाइडच्या आधी एकदा कनेक्शन तपासून घ्या.