हॅम स्टेशनसाठी बाहेरचा स्पीकर आणि हेडसेट कसा निवडावा, कसा जोडावा?

तुम्ही लिहिलंय की हॅम रेडिओचा (हौशी रेडिओचा) परवाना नुकताच हातात आला, आयकॉमचा आयसी-७३०० हा रेडिओ सेट घेतलात. आता त्याला बाहेरचा स्पीकर कोणता लावावा, मुलाचा गेमिंग हेडसेट चालेल का, आणि ४० मीटरच्या बँडवरची (तरंगलांबीवरून नाव पडलेल्या रेडिओ पट्ट्यावरची) मंडळी ‘आवाज दबलेला येतोय’ असं का म्हणतात, हे तुम्हाला हवंय. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यातच दडलेली आहेत.

एसएसबीवर, म्हणजे हॅम मंडळी बोलायला वापरतात त्या पद्धतीत, आपल्या आवाजाला मिळणारी वाट अगदी अरुंद असते, साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ. पुरुषी आवाजातला घुमारा, ज्याला आपण ‘भारदस्त’ म्हणतो, तो बहुतांशी ३०० च्या खाली. त्यात शब्द नसतात. शब्द कळतात व्यंजनांवरून, आणि व्यंजनांचा जोर असतो १००० हर्ट्झच्या वर. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा बराचसा भाग तर ३००० च्याही पलीकडे, म्हणजे फिल्टरमध्ये गळूनच जातो. कॉलसाइन (परवान्यावरचं आपलं ओळखचिन्ह) सांगताना एस आणि एफ या अक्षरांसाठी ‘सिएरा’, ‘फॉक्सट्रॉट’ म्हणायची शिस्त म्हणूनच आहे. मराठीत बोलताना ‘सात’ आणि ‘साठ’ यांची गल्लत होते ती इथेच. तेव्हा हॅमला गोड आवाज नको, समजणारा आवाज हवा. ऐकतानाही आणि बोलतानाही.

बॉब हाइल हे नाव तुमच्या कानावर येईलच. अमेरिकेतल्या मोठमोठ्या रॉक मैफलींच्या ध्वनियंत्रणा उभारणारा हा माणूस. पण हॅमसाठी माइक बनवताना त्याने खर्ज कापून २००० हर्ट्झच्या आसपासचा भाग उचलला. मैफलीचा कान वेगळा आणि कोलाहलात कॉलसाइन टिपणारा कान वेगळा, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आता स्पीकर. ७३०० चा आतला स्पीकर वरच्या बाजूला, म्हणजे आवाज छताकडे जातो. मागच्या बाजूला बाहेरच्या स्पीकरचं ३.५ मिमीचं भोक आहे, ते ४ ते ८ ओहमच्या स्पीकरसाठी. सेट स्पीकरला देतो सुमारे अडीच वॅट, आणि खोलीत ऐकायला तेवढं भरपूर होतं. माझ्याकडे कित्येक वर्षं गाडीतून काढलेला ४ इंची, ४ ओहमचा स्पीकर लाकडी खोक्यात बसवलेला आहे, आत थोडा कापूस. तो टेबलावर कानाच्या पातळीला, तोंड माझ्याकडे करून ठेवलाय. अर्धी सुधारणा या एवढ्याशा फिरवण्याने होते. दोन स्पीकर लावायचे असतील तर ८ ओहमचे दोन समांतर जोडा. ४ ओहमचे दोन समांतर जोडलेत तर २ ओहमचा भार पडतो, तसं करू नका. खर्जासाठी वूफर वगैरेच्या मागे लागू नका. तिथे पाठवायला सेटकडे काही नसतंच, फक्त पॉवर सप्लायची गुणगुण मोठी होते.

कॉम्प्युटरचे अ‍ॅम्प्लिफायरवाले स्पीकर मी टाळतो. तुम्ही १०० वॅटवर पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबलं की त्यांच्या वायरी अँटेनासारख्या वागतात आणि तुमचाच आवाज फाटक्या सुरात त्यातून बाहेर येतो. शिवाय त्यांच्या स्वस्त अ‍ॅडॅप्टरचा कचरा रिसीव्हरमध्ये शिरतो, तो निराळाच. साधा, अ‍ॅम्प्लिफायर नसलेला स्पीकर घ्या.

हेडफोन मात्र हवाच. क्षीण सिग्नल स्पीकरवर जेमतेम ‘कोणीतरी आहे’ इतकाच कळतो, हेडफोनवर तोच पूर्ण वाचता येतो. घरात पंखा, मिक्सर, टीव्ही चालू असताना तर दुसरा उपायच नाही. आणि घरच्यांनी रात्री अकरा वाजता सीक्यू (‘कोणी आहे का’ ही हॅमची हाक) का ऐकावं?

मुलाचा गेमिंग हेडसेट चालेल, पण त्याची पिन आधी पाहा. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर ती चार कप्प्यांची आहे: टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड, बुडाशी माइक. सेटच्या हेडफोनच्या (‘फोन्स’ लिहिलेल्या) भोकात ग्राउंड अपेक्षित आहे ते बुडाशी. तिथे माइक आला की हेडफोनचं ग्राउंड अधांतरी राहतं, दोन्ही कानांत सारखाच सिग्नल असल्याने तो एकमेकांना खातो, आणि आवाज बारीक येतो किंवा येतच नाही. सेट बिघडला समजून लोक घाबरतात. हेडफोन आणि माइक वेगळे करणारी छोटी स्प्लिटर वायर बाजारात मिळते, ती लावली की हा प्रश्न मिटला.

माइकची बाजू जरा जपून. या हेडसेटमधला माइक इलेक्ट्रेट जातीचा, त्याला थोडं डीसी व्होल्टेज लागतं. आयकॉमच्या आठ पिनी सॉकेटमध्ये १ नंबरवर माइक, आणि त्याच पिनेवर हे व्होल्टेज आधीपासून येतं. ७ नंबर माइकचं ग्राउंड, ५ नंबर पीटीटी, ६ नंबर पीटीटीचं ग्राउंड. म्हणजे इलेक्ट्रेट माइक १ आणि ७ मध्ये सरळ जोडता येतो. २ नंबरवर ८ व्होल्ट आहेत, ते माइकला थेट देऊ नका. डायनॅमिक माइक (कॉइलवाला, ज्याला व्होल्टेज लागत नाही) वापरणार असाल तर १ नंबरच्या वाटेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, धन टोक सेटकडे. नाहीतर ते डीसी माइकच्या कॉइलमधून वाहत राहतं. दुसऱ्या कंपनीच्या सेटसाठी केलेली आठ पिनी वायर याला मुळीच लावू नका. यीसूचं सॉकेट दिसायला हुबेहूब असतं, पण तिथे माइक येतो ८ नंबरला. पिनांचे नंबर मोजताना सॉकेट आणि प्लग एकमेकांचं आरशातलं रूप असतात हेही ध्यानात ठेवा. झाळण्याआधी आणि नंतर मल्टिमीटर लावून बघाच. प्लग पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला शोधा. वायर शिल्डेडच (आत धातूच्या जाळीचं कवच असलेली) घ्या.

पीटीटीसाठी मी दाराच्या बेलचं बटण लाकडी फळीवर बसवून पायाखाली ठेवलंय. हात लिहायला मोकळे राहतात. व्हॉक्स, म्हणजे आवाज झाला की सेटने आपोआप ट्रान्समिटला जाणं, मला आवडत नाही. खोकलो तरी सेट ट्रान्समिटला जातो, आणि बाहेर कुत्रं भुंकलं तरी.

आता ‘दबलेला आवाज’. बहुधा तीन गोष्टींपैकी एक असेल. माइक ओठांच्या अगदी समोर असला तर श्वास आदळतो. तो ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर आणा. मग सेटिंगमध्ये जाऊन ट्रान्समिटचा बास दोन-तीन पायऱ्या खाली, ट्रेबल एक-दोन पायऱ्या वर. ट्रान्समिटची बँडविड्थ ‘मिड’वर, तीच ३०० ते २७०० ची. माइक गेन इतकाच ठेवा की नेहमीच्या आवाजात बोलताना एएलसीचा (ट्रान्समिटची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा त्याच्या पट्टीच्या अर्ध्याच्या आत खेळेल. कॉम्प्रेसर (हळू आवाज उचलून मोठ्याच्या जवळ आणणारी सोय) सुरुवातीला बंद. तो चालू करून पंखा सुरू ठेवलात तर दोन शब्दांमधल्या प्रत्येक फटीत पंखा बोलतो, आणि समोरच्याला वाटतं तुम्ही कारखान्यात बसलाय.

माझा स्वतःचा त्रास वेगळाच होता. २० मीटरवर रिपोर्ट छान, ४० वर मात्र ‘ओएम (मित्रा), मॉड्युलेशन फाटतंय’, म्हणजे आवाज फाटतोय. महिनाभर माइकच दोषी धरला, दोन बदलले. एका संध्याकाळी पॉवर १०० वरून २० वॅटवर आणली आणि आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. दोष माइकचा नव्हताच. अँटेनाची तार खिडकीतून थेट खोलीत आली होती, आणि कोअ‍ॅक्सच्या (अँटेनाकडे जाणाऱ्या वायरीच्या) बाहेरून परतणारा आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) माइकच्या वायरीत घुसत होता. अँटेनाच्या फीड पॉइंटला (वायर अँटेनाला जोडते तिथे) हा परतणारा आरएफ अडवणारा चोक बसवला, माइकच्या वायरीचे सेटजवळ फेराइट कोअरवर (आरएफ अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) सात-आठ वेढे दिले, आणि तक्रार थांबली. म्हणून तुम्हीही आधी पॉवर कमी करून बघा. फरक पडला तर पैसे माइकवर नाही, फेराइटवर खर्च करा.

रिपोर्ट मागताना ‘५९’ वर (‘स्पष्ट आणि जोरदार येताय’ या आकड्यावर) विसंबू नका. ते सौजन्य असतं. ५९ देऊन लगेच ‘नाव पुन्हा सांगा’ म्हणणारे मी रोज ऐकतो. ओळखीच्या हॅमला तुमचा ओव्हर (एका वेळचं बोलणं) फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. कोणी नसेल तर सेटमधलं मॉनिटर चालू करून हेडफोनमध्ये स्वतःला ऐका, किंवा एसडी कार्डवर क्यूएसओ (हॅमवरचा संवाद) रेकॉर्ड करा. पहिल्यांदा स्वतःचा आवाज परका वाटेल. दोन-तीन दिवस ऐकलंत की नेमकं कुठे शब्द गिळता ते कळायला लागतं.

हेडफोन लावून बसलात तर मे-जूनमध्ये एक काळजी घ्या. वळवाचे ढग जमले की ४० मीटरवर प्रत्येक विजेचा कडाका थेट कानात फुटतो. आवाज कमी ठेवा, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) थोडा मागे घ्या. आणि गडगडाट प्रत्यक्ष ऐकू येऊ लागला तर हेडफोन उतरवा आणि सेटपासून दूर व्हा. हेडफोनच्या वायरीने सेट तुमच्या डोक्याला जोडलेला असतो. त्या दिवसांत सेट वापरात नसेल तेव्हा अँटेना काढूनच ठेवत जा, म्हणजे वादळ डोक्यावर असताना कोअ‍ॅक्सला हात लावायची वेळ येत नाही.