चार चौकटींचा आखाडा

प्रश्न : माझे यजमान बेचाळीस वर्षांचे असून बँकेत नोकरीस आहेत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी त्यांचे तीन शाळासोबती आमच्या घरी जमतात आणि माळ्यावरून काढलेल्या एका जुन्या व्हिडिओ गेमवर दुपारभर एकमेकांवर गोळ्या झाडत बसतात. टीव्हीच्या पडद्याचे चार भाग झालेले असतात, चित्र धूसर असते आणि आरडाओरडा मात्र खालच्या मजल्यापर्यंत जातो. आमचा दहावीतला मुलगा फोनवर शंभर जणांचा गेम खेळतो. तो म्हणतो, 'बाबांच्या गेममध्ये काहीच नाही.' त्यात खरोखर काही आहे, की हा नुसता जुन्या दिवसांचा उमाळा आहे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : उमाळा थोडाफार आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु केवळ उमाळ्यावर माणसे चार-चार तास ओरडत नाहीत. तुमच्या यजमानांच्या या खेळप्रकाराला 'अरेना शूटर' म्हणतात आणि त्यातला 'अरेना' म्हणजे आपला आखाडाच. जागा लहान आणि बंदिस्त असते. सर्वांच्या हाती सुरुवातीला सारखेच साधे शस्त्र असते. भारी शस्त्रे, चिलखत आणि औषध आखाड्यात ठरलेल्या जागी पडलेले असते आणि जो आधी पोहोचेल त्याचे होते. मेलेला गडी काही क्षणांत दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा जिवंत होऊन येतो. ठरलेला वेळ संपला, किंवा ठरलेले गुण कोणी मिळवले, की डाव संपतो. याहून अधिक नियम नाहीत आणि कथानक तर नाहीच.

तुमच्या मुलाला 'काहीच नाही' असे वाटते ते यामुळेच. त्याच्या गेममध्येही सगळे रिकाम्या हातांनीच उतरतात, हे मान्य करायला हवे. पण तिथे कोणत्या घरात कोणती बंदूक सापडेल हे बरेचसे नशिबावर असते आणि एकदा मेले की तो डाव त्याच्यापुरता बहुधा संपतो. आखाड्यात नशिबाला फारशी जागा नसते. १९९९ साली संगणकावर आलेल्या आणि पुढे कन्सोलवरही (म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरही) आणलेल्या 'क्वेक थ्री अरेना'चेच उदाहरण घ्या. त्यातले चिलखत उचलल्यापासून २५ सेकंदांनी त्याच जागी पुन्हा येते, मोठे औषध ३५ सेकंदांनी, आणि माऱ्याची ताकद काही काळ वाढवणारी वस्तू दोन मिनिटांनी. मुरलेला खेळाडू गोळ्या चुकवत असताना मनातल्या मनात हे आकडे मोजत असतो आणि नेमक्या सेकंदाला त्या जागी हजर होतो. फलाटावर कुठे उभे राहिले म्हणजे दादरला पुलाच्या पायरीसमोरच उतरता येईल, हे ज्याला पाठ असते तो प्रवासी आणि हा खेळाडू एकाच जातीचे. दोघांचेही ज्ञान कुठे विकत मिळत नाही. ते फेऱ्या मारून मारूनच अंगात मुरते. शिवाय कालचा डाव जिंकला म्हणून आजच्या डावात कोणाला वरचढ बंदूक मिळत नाही. कॅरमच्या सोंगट्या पुन्हा मधोमध रचल्या की मागच्या बोर्डाची थोरवी संपते, तसेच हे.

आता पडद्याच्या चार तुकड्यांविषयी. ती या खेळाची उणीव नसून अर्धी गंमत तिथेच आहे, असे माझे मत आहे. कन्सोलवरच्या या परंपरेतला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे निन्टेंडो ६४ या यंत्रावर १९९७ साली आलेला 'गोल्डनआय'. काटेकोर बोलायचे तर तो निखळ अरेना शूटर नव्हे, कारण मुळात तो एकट्याने खेळायचा हेरगिरीचा खेळ होता. इंग्लंडमधल्या 'रेअर' या कंपनीच्या चमूने चौघांनी मिळून खेळायचा भाग अगदी शेवटच्या काही महिन्यांत त्याला जोडला आणि लोकांनी नेमका तोच उचलून धरला. एका टीव्हीला चार कंट्रोलर जोडायचे आणि प्रत्येकाने आपापल्या चौकटीत पाहायचे. एकवीस इंची टीव्ही असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेदहा इंच. चौघे एका वेळी धावू लागले की यंत्राला धाप लागे आणि चित्र अडखळत पुढे सरके. तरीही कोणी उठत नसे.

याचे एक कारण असे की शेजारच्याची चौकट आपल्याला दिसते, आणि आपली त्याला. दुसऱ्याच्या पेपरात डोकावण्याला परीक्षेत शिक्षा असते, इथे मात्र तो डावपेचाचा भाग होऊन बसतो. मग कोणी मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे त्याच्या चौकटीवरून तो कुठे आहे हे कोणाला कळू नये. 'गोल्डनआय'मध्ये ऑडजॉब नावाचे एक बुटके पात्र आहे. ते उंचीने इतके कमी आहे की त्याच्यावर नेम धरताना बंदूक खाली झुकवावी लागते. त्यामुळे ते पात्र निवडणे म्हणजे रडीचा डाव, असा अलिखित कायदा जगभरच्या दिवाणखान्यांत झाला. नियमपुस्तकात नसलेले असे नियम गल्ली क्रिकेटमध्येही असतात. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चेंडू गेला की आऊट, हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? खेळणारी माणसे एकाच खोलीत असल्याशिवाय असले कायदे जन्माला येत नाहीत.

थोडे स्वतःविषयी सांगतो. आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत हे यंत्र माझ्या आतेभावाने अमेरिकेहून आणले होते. ते तिकडच्या ११० व्होल्टवर चालणारे असल्याने लॅमिंग्टन रोडवरून विटेएवढ्या वजनाचा ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. एवढे करून चित्र उमटले ते कृष्णधवल, कारण आमच्या टीव्हीला अमेरिकी पद्धतीचे रंग उलगडता येत नव्हते. चार वेगवेगळ्या रंगांचे गडी करड्या रंगाचेच दिसत. आम्ही सबंध मे महिना तसाच खेळलो. कंट्रोलरला आम्ही 'रिमोट' म्हणत असू आणि खेळाला 'कॅसेट'. वायर आखूड असल्याने चौघांनाही टीव्हीपुढे दाटीवाटीने बसावे लागे आणि हरणाऱ्याचे कोपर जिंकणाऱ्याच्या बरगडीत जाई. मुलगा आता फोनवर ज्या शंभर जणांशी लढतो, त्यांतल्या किती जणांना त्याचे कोपर लागते?

एक उपाय सुचवतो. पुढच्या शनिवारी मुलालाच चौथा कंट्रोलर द्या. हरला, तर कोणत्या कोपऱ्यातून हरला हे त्याला तिथल्या तिथे चौघे मिळून सांगतील.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. माझे मामा सांगतात की त्यांच्या वेळी सायबर कॅफेत सगळे 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. तो अरेना शूटरच का? आणि हा प्रकार इतका चांगला असेल, तर तो मागे का पडला? (एक वाचक, परळ)

उत्तर : मामांचा खेळ वेगळ्या कुळातला. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये फेरीच्या आरंभी खेळातलेच पैसे देऊन शस्त्रे घ्यावी लागतात, आधीच्या फेरीच्या निकालावर खिशातले पैसे ठरतात आणि मेलेल्याला फेरी संपेपर्यंत नुसते बघत बसावे लागते. म्हणजे आखाड्याची दोन्ही लक्षणे, सारखी सुरुवात आणि लगेचचा पुनर्जन्म, त्यात नाहीत. शिवाय तो माऊसचा खेळ. माऊसने मान गर्रकन वळवता येते. कन्सोलच्या कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने ढकलायच्या काडीने ती हळूहळूच वळते. म्हणून कन्सोलवरचे चांगले आखाडे मुद्दाम संथ घडवलेले असतात. २००१ साली एक्सबॉक्स या कन्सोलवर आलेल्या 'हेलो'ने हे सर्वांत शहाणपणाने केले. त्यातली उडी तरंगती आहे, एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येतात, अंगावरचे कवच थोडा वेळ लपून राहिले की आपोआप भरून येते आणि नेम शत्रूवर आला की यंत्र काडीचा वेग किंचित कमी करून हाताला आधार देते. बहुतेक शस्त्रांच्या दोन-तीन गोळ्यांत कोणी मरत नसल्याने मार खाणाऱ्याला वळून उत्तर देण्याची संधी राहते, आणि चकमक म्हणजे खरोखर दोघांची झुंज होते. चार यंत्रे तारेने जोडली की सोळा जण खेळू शकत. त्यासाठी लोक टीव्ही आणि यंत्रे उचलून एकमेकांच्या घरी नेत.

मागे पडण्याची कारणे अनेक आहेत, पण मला दोनच महत्त्वाची वाटतात. पहिले कारण इंटरनेट. २००४च्या 'हेलो २'ने घरबसल्या अनोळखी प्रतिस्पर्धी गाठून देण्याची सोय केली, ती लोकांना आवडली आणि मित्रांनी एका खोलीत जमण्याची निकड संपली. खोलीत नवख्याला सांभाळून घेतात. 'गोल्डनआय'मध्ये तर कमकुवत गड्याला जास्तीचे बळ देण्याची सोयच होती. अनोळखी माणूस असे काही करत नाही. आखाड्यात हार लपवायला जागा नसते, बंदूक वाईट मिळाली असेही म्हणता येत नाही, त्यामुळे सलग वीस वेळा मेलेला नवखा दुसऱ्या दिवशी परत येत नाही. दुसरे कारण बक्षिसांचे. २००७च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४'मध्ये हरणाऱ्यालाही गुण साठवून नवी शस्त्रे आणि नवी कसबे मिळू लागली. हरूनही काहीतरी हाती लागते, ही भावना मोठी चिवट असते. तिच्यापुढे दर डावाला पाटी कोरी करणारा खेळ रुक्ष वाटू लागला. आज बहुतेक खेळ याच शिडीवर उभे आहेत, आणि ती शिडी मला फारशी आवडत नाही, हे लपवत नाही.

पडद्याच्या चौकटी जाण्यामागे मात्र साधे तांत्रिक कारणही आहे. चौघांसाठी एकच देखावा चार वेगवेगळ्या जागांवरून रेखाटावा लागतो, आणि देखावे जसजसे श्रीमंत झाले तसतसा तो भार यंत्रांना पेलेना. 'हेलो'च्याच मालिकेतल्या २०१५ सालच्या पाचव्या भागातून ही सोय पूर्णपणे काढून टाकण्यात आली, त्याबद्दल चाहत्यांनी बराच राग धरला.

प्रश्न : असे खेळ आज कायदेशीरपणे विकत घेऊन घरी खेळता येतात का? आणि माझा जुना कन्सोल नव्या सपाट टीव्हीवर इतका वाईट का दिसतो? (एक वाचक, विक्रोळी)

उत्तर : येतात. मूळचा १९९६ सालचा 'क्वेक' २०२१ साली आजच्या कन्सोलवर नव्याने आला असून त्यात चौघांसाठी पडदा विभागता येतो. मात्र तो रक्तरंजित आहे, लहान मुलांसमोर नको. 'गोल्डनआय' २०२३च्या जानेवारीत निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर आणि एक्सबॉक्सवर परत आला. 'हेलो'चे जुने भाग एकत्र केलेला संग्रह एक्सबॉक्सवर २०१४पासून मिळतो. खर्च खेळाचा फारसा नसतो, चार कंट्रोलरचा असतो. तेव्हा ज्याने त्याने आपापला घेऊन यावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की जुन्या यंत्राचे चित्र पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी घडवलेले होते. नवा टीव्ही ते ताणून मोठे करतो, त्यामुळे ते फाटल्यासारखे दिसते, आणि ताणण्यात जो क्षण जातो तेवढा उशीर बटण दाबणे आणि गोळी सुटणे यांत पडतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असल्यास तो लावावा. उशीर कमी होतो, धूसरपणा मात्र राहतो. जुना टीव्ही अजून घरात असेल तर तोच वापरावा. मुलुंडच्या भगिनींच्या घरी तो असल्यास भंगारवाल्याला देण्यापूर्वी यजमानांना एकदा विचारलेले बरे.